वारसा, बांधकाम आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना वाडा, गावची बारव (पायऱ्यांची विहीर), वेशीवरचा वीरगळ (वीराचा स्मृतिदगड), किल्ल्याच्या पायथ्याची जमीन यांबद्दल लोक सतत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःच्या प्रकरणाचा निष्कर्ष मात्र कागद हातात आल्याशिवाय काढू नका. जागेची हद्द आणि अधिसूचनेची तारीख, बहुतेक वेळा सगळं या दोन गोष्टींवर ठरतं.

१. वास्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असली की तिला कायद्याचं संरक्षण आपोआप मिळतं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही यानेच होतं. शंभर वर्षं ही फक्त पात्रता आहे. १९५८ चा केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा असो की १९६० चा महाराष्ट्राचा, सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून वास्तू ‘संरक्षित’ जाहीर केली तरच तो तिला लागू होतो. अधिसूचना नसेल, तर आठशे वर्षांचं हेमाडपंती देऊळसुद्धा कायद्याच्या नजरेत एक साधं बांधकाम असतं.

तिसरा मार्ग आहे तो नगररचनेचा. शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा यादी असते आणि त्या यादीतल्या वास्तूला महापालिकेच्या पातळीवर संरक्षण मिळतं (प्रश्न ८).

हलवता येणाऱ्या वस्तूंचं मात्र वेगळं आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, शिलालेख हे कुठल्याही यादीत नसले तरी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ‘पुरावशेष’ ठरतात. म्हणजे देवळाला संरक्षण नसलं तरी आवारातल्या सुट्या मूर्तीला ते असू शकतं (प्रश्न १२ आणि १४).

२. आमच्या गावातली वास्तू कुठल्या यादीत आहे, हे कसं शोधायचं?

आधी जागेवर जाऊन फलक पाहा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकावर निळा फलक असतो आणि त्यावर कायद्याचा उल्लेख असतो. फलक नाही म्हणजे संरक्षण नाही, असं मात्र धरून चालू नका, कारण फलक पडतात, चोरीला जातात, गंजतात.

त्यानंतर कागद. महाराष्ट्रात पावणेतीनशेहून अधिक केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. त्यांचं काम छत्रपती संभाजीनगर, मुंबई आणि नागपूर या मंडळांकडून चालतं. राज्य संरक्षित स्मारकं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत, आणि त्याचे सहायक संचालक पुणे, नाशिक, रत्नागिरी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व नांदेड इथे बसतात. लोक दोन्ही कार्यालयांना ‘पुरातत्त्व खातं’ म्हणतात आणि अर्ज चुकीच्या दारात पडून राहतो. म्हणून अर्ज करण्याआधी खातं केंद्राचं की राज्याचं, एवढं नक्की करून घ्या.

माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: अधिसूचनेची प्रत, तिच्यातला सर्व्हे नंबर आणि हद्दीचा नकाशा. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. शहरात असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडून वारसा यादीचा उताराही घ्या.

३. केंद्र संरक्षित आणि राज्य संरक्षित यांत सामान्य माणसासाठी फरक काय?

शेजाऱ्यांसाठी फरक मोठा आहे. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी २०० मीटरचा विनियमित पट्टा कायद्यानेच लागू होतो. राज्य संरक्षित स्मारकाला हा केंद्राचा पट्टा आपोआप लागत नाही. तिथे राज्याचा कायदा आणि स्थानिक बांधकाम नियमावली पाहावी लागते आणि सहायक संचालकांचं लेखी मत घ्यावं लागतं. दलाल दोन्ही बाजूंनी गोंधळ घालतात. कुणी राज्याच्या स्मारकाला ‘शंभर मीटर’ लावून जमीन स्वस्तात मागतो, तर कुणी केंद्राच्या स्मारकाशेजारी ‘काही होत नाही’ म्हणून प्लॉट विकतो.

४. आमचा वाडा शनिवारवाड्यापासून ऐंशी मीटरवर आहे. तो पाडून नवी इमारत बांधता येईल का?

आजच्या कायद्यात नाही. ऐंशी मीटर म्हणजे प्रतिबंधित क्षेत्र. केंद्राच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर तिथे नवं बांधकाम तर नाहीच, पण असलेली इमारत उतरवून तेवढ्याच आकाराची पुन्हा उभी करायलाही परवानगी मिळत नाही. त्याआधी अपवाद म्हणून काही परवानग्या दिल्या जात असत, आता तो दरवाजा बंद आहे. दिल्लीच्या जंतरमंतरशेजारच्या बहुमजली इमारतीच्या प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सूट मान्य केली नाही.

दुरुस्ती आणि नूतनीकरण मात्र करता येतं. त्यासाठी इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असायला हवी किंवा त्यानंतर रीतसर परवानगीने बांधलेली असायला हवी. जुना सिटी सर्व्हे उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं हा तारखेचा पुरावा सांभाळून ठेवा. दुरुस्ती या शब्दात बरंच बसतं: कुजलेली तुळई बदलणं, माळवदाची गळती थांबवणं, कौलं नव्याने शाकारणं, चुन्याचा गिलावा, शौचालय आणि नळजोडणी. मजला चढवणं किंवा घराची लांबी-रुंदी वाढवणं यात येत नाही.

शनिवार पेठ, कसबा पेठ या भागांतल्या कुटुंबांची कोंडी खरी आहे. वाटण्या होऊन एकेका खोलीत संसार, भाडेकरूंचे वाद, खचलेल्या भिंती, आणि पुनर्विकासाचा मार्ग बंद. मला हा नियम हवा आहे. तो नसता तर आज शनिवारवाड्याच्या तटाला खेटून बारा मजले उभे असते. पण ज्यांच्या घरावर या नियमाचं ओझं पडतं, त्यांच्या दुरुस्तीला सार्वजनिक पैसा मिळाला पाहिजे. तशी ठोस व्यवस्था नसल्यामुळेच वाडे एकेक भिंत करून पडतात आणि लोक वारशावर चिडतात.

५. हे १०० मीटर नक्की कुठून मोजायचे? देवळाच्या भिंतीपासून की कुंपणापासून?

संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. दिसणाऱ्या भिंतीपासून नाही, की कुंपणापासूनही नाही. अधिसूचनेत एखादा पूर्ण सर्व्हे नंबर असेल, तर मोजणी त्या सर्व्हे नंबरच्या कडेपासून सुरू होते, मग देऊळ आतमध्ये पन्नास मीटरवर का असेना. किल्ल्यांच्या बाबतीत तटबंदीबाहेरचा उतार संरक्षित आहे की नाही, यावर पायथ्याच्या वाडीचं भवितव्य ठरतं.

नकाशावर अंगठा ठेवून किंवा मोबाईलवर अंतर बघून जमीन घेऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि अधिसूचनेचा नकाशा एकत्र ठेवून पाहा.

६. घर १०० मीटरच्या बाहेर पण ३०० च्या आत आहे. मग काय?

तो विनियमित पट्टा. इथे बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती सगळं शक्य आहे, पण परवानगी आधी घ्यावी लागते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तो पंधरा दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची आणि ती मिळाल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याने एका महिन्यात निर्णय कळवायचा, असं कायद्यात आहे. बहुतेक वेळा चर्चा उंचीवर येऊन थांबते.

महापालिकेची बांधकाम परवानगी हातात आहे म्हणजे काम झालं, असं समजू नका. दोन्ही परवानग्या स्वतंत्र आहेत.

७. सामान्य माणसाला विटेलाही परवानगी नाही आणि सरकार मात्र रस्ते, मेट्रो बांधतं. सरकारला नियम नाही का?

आहे. २०१० च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे की सार्वजनिक प्रकल्प असला तरी प्रतिबंधित क्षेत्रात परवानगी देता येणार नाही. पुण्यात याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. वनाज ते रामवाडी मेट्रो आधी नगर रस्त्याने आगाखान पॅलेससमोरून जाणार होती. ते स्मारक केंद्र संरक्षित असल्याने मार्ग बदलून कल्याणीनगरमधून न्यावा लागला. नियम पाळूनही मेट्रो धावतेच आहे, हे ‘वारसा विकासाच्या आड येतो’ म्हणणाऱ्यांनी बघावं.

काही कामं मात्र कायद्याच्या व्याख्येतच ‘बांधकाम’ धरलेली नाहीत: गटारं आणि सांडपाण्याची व्यवस्था, सार्वजनिक स्वच्छतागृहं, पाणीपुरवठा, वीजपुरवठा. म्हणून स्मारकाजवळ जलवाहिनी टाकलेली दिसली तर ते बेकायदा असेलच असं नाही.

अधिकाऱ्यांसाठी वेगळी तरतूदही आहे. प्रतिबंधित किंवा विनियमित क्षेत्रात बेकायदा बांधकाम होऊ देणाऱ्या, त्याकडे डोळेझाक करणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बांधणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक लाख ही आजच्या बिल्डरला नगण्य रक्कम आहे, हे उघड आहे. पण तक्रारीत अधिकाऱ्यांच्या जबाबदारीचा हा मुद्दा लिहिला की फाईल हलते, असं पुष्कळांनी कळवलं आहे.

८. मुंबईत ‘ग्रेड वन’, ‘ग्रेड टू-ए’ म्हणतात ते काय असतं?

मुंबईने १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमांत वारशाचे नियम आणले. भारतात कुठल्याही शहरात असे नियम त्याआधी नव्हते. आज ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर यांच्यासारख्या वास्तू पहिल्या श्रेणीत येतात. तिथे आतबाहेर कुठेही, वास्तू टिकवायला आवश्यक असेल तेवढाच हात लावायचा. दुसऱ्या श्रेणीचे अ आणि ब असे भाग आहेत. तिथे आतून बदल आणि नवा वापर शक्य असतो, बाहेरचं रूप जपायचं. तिसऱ्या श्रेणीत आणि वारसा परिसरात बदलाला सर्वांत जास्त मोकळीक आहे. आणि झीजही तिथेच सर्वांत जास्त होते, कारण एकेक घर साधं असतं, मोल असतं ते सगळ्या गल्लीचं.

यादीतल्या वास्तूच्या कामाबाबत महापालिका आयुक्त वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात. मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे आणि तिच्यातही वारशाचं प्रकरण आहे. अडचण यादीची असते. नियम आहेत, पण शहराची यादीच अर्धवट किंवा नाही, अशी कितीतरी गावं आहेत.

९. घर यादीत टाकलं तर मालकाला त्याबदल्यात काय मिळतं? नुसती बंधनंच का?

मुंबईत वारसा नियमांमुळे न वापरता येणारं चटईक्षेत्र विकास हक्क हस्तांतरणाच्या रूपाने, म्हणजे टीडीआर म्हणून, मिळण्याची सोय आहे. तो विकून आलेल्या पैशातून दुरुस्ती व्हावी, ही कल्पना. केंद्राच्या कायद्यात संरक्षित क्षेत्राच्या मालकाला त्या कायद्याखालच्या कारवाईने नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे, आणि मालकाशी करार करून जतन करण्याचीही. मालकी काढून घेतलीच पाहिजे असं नाही.

छोट्या शहरात टीडीआरला गिऱ्हाईकच नसतं, तेव्हा तो कागदावरच राहतो. अशा ठिकाणी घरपट्टीत सवलत, कमी व्याजाचं कर्ज, चुन्याचं आणि लाकडाचं काम जाणणाऱ्या गवंड्या-सुतारांची मदत यांचा उपयोग जास्त होईल. नगरपरिषदेच्या सभेत हे मागायला कुणाची हरकत नाही. मागा.

१०. महापालिकेने वाड्याला ‘धोकादायक’ नोटीस लावली. आता तो पाडावाच लागणार का?

लगेच तसं नाही. आधी नोटीस नीट वाचा: राहणं बंद करायचं आहे, दुरुस्ती करायची आहे की पाडायचं आहे? तिन्ही वेगळं. वास्तू वारसा यादीत असेल तर तसं लेखी उत्तर त्याच आठवड्यात द्या आणि समितीचं मत घेतल्याचा कागद मागा. सोबत स्वतंत्र संरचना तपासणी करून घ्या, तीही जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून. लाकडी सांगाडा आणि दगड-मातीच्या भिंतींचं घर आरसीसीच्या फूटपट्टीने मोजलं की ते नापासच होतं.

तज्ज्ञांतही मतभेद होतात. मुंबईच्या काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं ओतीव लोखंडी सांगाड्याचं वॉटसन हॉटेल, पाडण्याची शिफारस एका तपासणीत झाली. ती वाचवता येईल असं वारसा जाणकारांनी मांडलं आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. भिंत खरोखर खचली असेल, तर माणसं आधी बाहेर काढा. टेकू देऊन वास्तू महिनोन्‌महिने धरून ठेवता येते.

११. आमचं ग्रामदैवताचं देऊळ जुनं आहे. संरक्षित झालं तर पूजा बंद होईल का? आणि जीर्णोद्धाराचं काय?

पूजा बंद होत नाही. त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ही तिन्ही केंद्र संरक्षित आहेत आणि तिन्हींत पूजाअर्चा चालू आहे. संरक्षणाच्या वेळी जी पूजा चालू असते ती चालू राहते. बंद पडलेल्या ठिकाणी नव्याने सुरू करणं हा वेगळा मामला आहे.

जीर्णोद्धार संरक्षित देवळात खात्याशिवाय करता येत नाही. असंरक्षित देवळात ट्रस्ट किंवा गाव ठरवतं, आणि तिथेच काळजाला घरं पडतात. भक्तीने, वर्गणी काढून, चांगल्या मनाने लोक काळ्या दगडावर ऑइल पेंट मारतात. रंगाखाली ओल कोंडते, सांध्यातला चुना सुटतो. मग कुणी रंग काढायला वाळूचा फवारा मारतं आणि सुरसुंदरीच्या चेहऱ्यावरचं नाक-डोळ्यांचं कोरीव कामच पुसलं जातं. गर्भगृहात फरशी, शिखरावर सिमेंट, सभामंडपाला स्टीलचे कठडे. कायदा यात फारसं काही करू शकत नाही. संचालनालयाच्या सहायक संचालकांना काम सुरू होण्याआधी बोलावलं तर मार्गदर्शन मिळू शकतं. मूर्तीवरचं शेंदराचं जाड कवच स्वतः फोडू नका, आत काय आहे हे जाणकाराला पाहू द्या.

ट्रस्टची जमीन किंवा वास्तू विकली जात असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तिथे हरकत घेता येते.

१२. रस्ता रुंदीकरणात वेशीवरचे वीरगळ उपटून टाकले. ते दगड कुणाचे?

ते पुरावशेष असू शकतात, ‘नुसते दगड’ नव्हेत. वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ यांचं वय बहुतेक वेळा काही शतकांचं असतं. गधेगाळावर वर चंद्र-सूर्य असतात, मध्ये दानाचा लेख आणि खाली ते दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेला असतो. म्हणजे तो स्वतःच त्या काळचा कायद्याचा कागद आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला जाणारा मराठी शिलालेख गधेगाळच आहे, आणि तो कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता.

ठेकेदाराला तोंडी सांगून भागत नाही. तहसीलदार आणि सहायक संचालक यांना फोटोसह लेखी कळवा. दगड हलवणं अटळ असेल तर आधी मूळ जागेचं स्थान, तोंड कुठल्या दिशेला होतं आणि शेजारी काय होतं याची नोंद करा. जागेवरून हललेला वीरगळ अर्धी माहिती गमावतो. मग ग्रामपंचायतीच्या आवारात चौथरा करून उभे करा, पण पाय सिमेंटमध्ये गाडू नका आणि रंगवू नका.

१३. पाया खोदताना नाण्यांचं मडकं निघालं. कुणाला सांगितलं नाही तर?

गुन्हा होईल. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि त्याचा वाटाही जातो. मजुरांना गप्प बसवणारा जमीनमालकही यात अडकतो.

कळवलं तर मात्र कायदा शोधणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. निधीवर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि दुसरा काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला, अशी विभागणी आहे. सरकारने तो घेतला तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो.

सोनाराकडे नेऊन नाणी वितळवली की इतिहास गेला. मडकं उचलू नका, नाणी धुऊ नका, काम तेवढ्या जागी थांबवा.

१४. आजीच्या देव्हाऱ्यातले पितळी देव आणि घरातल्या पोथ्या मुलाला अमेरिकेत न्यायच्या आहेत. चालेल का?

वय किती, यावर ठरेल. वस्तू शंभर वर्षांची किंवा हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचं झालं असेल आणि त्याला ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असेल, तर १९७२ च्या कायद्याखाली ते देशाबाहेर नेता येत नाही. ‘आमच्याच घरचं आहे’ हे कारण विमानतळावर चालत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैदेपर्यंत जाऊ शकते. वस्तू जुनी दिसते पण तेवढी जुनी नाही, असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला आधीच घ्या.

घरात ठेवायला बंदी नाही. मात्र शिल्पं, चित्रं, हस्तलिखितं अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. मोडी कागद आणि पोथ्या रद्दीत देण्याआधी एखाद्या संशोधन संस्थेला दाखवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ हे काम १९१० पासून करतं.

१५. माझ्या सड्यावर कातळशिल्पं सापडली आहेत. कळवलं तर जमीन जाईल का?

कोकणातून हा प्रश्न खूप येतो आणि त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. संरक्षित क्षेत्र जाहीर झालं म्हणून मालकी जात नाही, पण वापरावर बंधनं येतात: बांधकाम, खाणकाम, उत्खनन परवानगीशिवाय नाही. शेतीला कायद्याने जागा ठेवली आहे, फक्त एक फुटापेक्षा खोल खणायचं नाही. पातळ मातीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, त्याहून खोल कुणी नांगरत नाहीच.

कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. पायाशी उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, हत्ती दिसतो तो वरून. त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं कोरलेली आहेत. तात्पुरत्या यादीने स्वतःहून कुठलंही कायदेशीर संरक्षण मिळत नाही. बारसूच्या सड्यावर रिफायनरीचं सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा हा मुद्दा लोकांना ठळकपणे कळला.

चिरेखाण आली की शिल्प एका दुपारी जातं. तेव्हा कळवा, आणि कळवताना आपल्या अटीही लिहा: पायवाट कुठून हवी, गुरं कुठे चरतात, पर्यटकांचं पार्किंग कुणाच्या जागेत. नंतर भांडण्यापेक्षा हे आधी कागदावर आलेलं बरं.

१६. आमचा किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला. आता दिल्ली-पॅरिसची परवानगी लागणार का?

नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा झाले. शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे केंद्र संरक्षित, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे राज्य संरक्षित. बंधनं आजही त्या-त्या कायद्याचीच आहेत (प्रश्न ३ ते ६). युनेस्कोकडे पोलीस नाहीत. युनेस्कोच्या १९७२ च्या जागतिक वारसा करारात भारत १९७७ मध्ये सामील झाला आणि जपणुकीचा शब्द आपल्या सरकारने दिला आहे.

शब्द मोडला तर दर्जा जातो, हेही खरं. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीवर पूल बांधला म्हणून २००९ मध्ये ती दरी यादीतून काढली. हम्पी तर आनेगुंदीच्या पुलामुळे १९९९ ते २००६ धोक्यातल्या वारशाच्या यादीत होतं.

पन्हाळ्याचा प्रश्न वेगळा, कारण तिथे गडावरच गाव नांदतं, शाळा भरते, बाजार बसतो. तिथल्या लोकांना वगळून व्यवस्थापन आराखडा चालणार नाही. तो मराठीत मागा, वाचा आणि त्यावर नगरपरिषदेत चर्चा करा.

समुद्रातल्या आणि किनाऱ्यावरच्या किल्ल्यांना आणखी एक कवच आहे: किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत पुरातत्त्वीय आणि वारसा स्थळं सर्वांत कडक वर्गात येतात.

१७. गावची बारव संरक्षित करून घ्यायची आहे. अर्ज कुठे आणि कसा?

राज्य संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांकडे. सोबत सातबारा, चारही बाजूंचे फोटो, स्थान, पायऱ्या आणि देवकोष्ठकांची मापं, शिलालेख असल्यास त्याचा स्वच्छ फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. प्रस्ताव मान्य झाला तर प्राथमिक अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. त्यानंतर अंतिम अधिसूचना. प्राथमिक आणि अंतिम यांच्या मधली वर्षं सगळ्यात धोक्याची, कारण सगळ्यांना वाटतं काम झालं.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदेशीर संरक्षण नव्हे. तरीही तो करा. उद्या न्यायालयात ‘इथे काही नव्हतंच’ असं कुणी म्हटलं, तर तारखेसह सही-शिक्क्याचा पहिला पुरावा तोच असतो. तोवर गाळ काढताना जेसीबी आत घालू नका. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर पाहा, तीनशे वर्षं उभी आहे ती एकमेकांत बसवलेल्या दगडांच्या जोरावर. खालचा एक चिरा निखळला की वरची भिंत पोटात येते.

१८. जेसीबी आत्ता उभा आहे. आज काय करू?

रस्त्यावर किंवा शेजारच्या जागेत उभं राहून तारीख दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ घ्या. परवानगीचा क्रमांक विचारा. तो बांधकामाच्या फलकावर असायला हवा. मग एकच मजकूर एकाच दिवशी तहसीलदार, ग्रामपंचायत किंवा महापालिका, पोलीस ठाणं आणि संबंधित पुरातत्त्व कार्यालय यांना द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या. मजकूर छोटा असू द्या: जागा, सर्व्हे नंबर, कुठला कायदा, काय चाललं आहे, काय थांबवायचं आहे. भावनेचं पान वेगळं लिहा, अर्जात नको.

दोन-तीन दिवसांत काही झालं नाही तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली याचिका हा मार्ग आहे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत मदत मिळते.

यंत्रासमोर एकटे उभे राहू नका आणि चालकाशी भांडू नका. तो रोजंदारीवर आलेला असतो.

१९. पाडून झालं. आता तक्रार करून उपयोग काय?

आहे. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीत बेकायदा उभारलेलं बांधकाम हटवण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला आहे, म्हणजे जुनं परत आलं नाही तरी नवं टिकेलच असं नाही. जुन्या गोव्यात सेंट कॅजेटन चर्चजवळच्या बांधकामावर लोकांनी २०२१ पासून नेटाने आवाज उठवला, तेव्हा ते पाडण्याचा आदेश निघाला.

आणि ढिगारा लगेच उचलू देऊ नका. कोरीव तोरण, तळखडे, गणेशपट्टी, लेख असलेली शिळा हे त्यात असतं, आणि रात्रीत भंगाराच्या किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात जातं. पुरावशेषाचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक तुकड्याची फोटोसह पोलीस तक्रार करा. जुने लग्नाचे, मुंजीचे फोटो शोधा. मागे उभ्या असलेल्या दरवाजाची चौकट बऱ्याचदा अशाच फोटोत सापडते, आणि ती ओळखायला तेवढा पुरावा पुरतो.